"सर, मी नुसतं फॉरवर्ड केलं"

मोबाइल बाकावर ठेवा. पालथे. आणि मागच्या बाकावरचं ते हसणं बंद.

काल रात्री वर्गाच्या ग्रुपवर तुम्ही जे दिवे लावलेत, ते मी वाचलेत. एकाने मिरवणुकीवरच्या दगडफेकीचा व्हिडिओ टाकला. कुठला, कधीचा, पत्ता नाही. दुसऱ्याने लगेच एका अख्ख्या धर्माचा उद्धार केला, तिसऱ्याने त्यात आपला पक्ष घुसवला. अकरा वाजेपर्यंत एकमेकांचे आईबाप काढून झाले. सकाळी जाब विचारला, तर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर: "नुसतं फॉरवर्ड केलं."

नुसतं? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीच सुटले होते. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. टोळीबिळी काही नव्हती. त्याच वर्षी एक व्हिडिओ देशभर फिरला: मोटारसायकलवरचे दोघे येतात आणि पोराला उचलून नेतात. तो होता कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी काढलेला. शेवटी तेच दोघे पोराला परत आणून सोडतात. कुणीतरी नेमका तेवढा शेवट कापला. पुढे पाठवणाऱ्यांनी शेवट कुठाय, एवढंही विचारलं नाही.

एप्रिल २०२०, पालघरमधलं गडचिंचले. पुन्हा अफवा, पुन्हा जमाव. दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. लगेच त्याला हिंदू-मुसलमान रंग फासला गेला. अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून, त्यात एकही मुसलमान नाही, हे गृहमंत्र्यांना सांगावं लागलं. ती यादी आल्यावर आपला आधीचा मेसेज चुकला, असं ग्रुपवर लिहिणारे किती निघाले? तुमच्या घरातले आठवा. मला नावं नकोत.

आणि ज्याला तुम्ही 'माझं मत' म्हणता, ते तुमचं कधी झालं? रागाचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात की त्या ॲपला कळतं, या गिऱ्हाइकाला तिखट चालतं. पुढचा त्याहून जहाल येतो. तुम्ही जितका वेळ खिळून राहाल, तितक्या जाहिराती खपतात. महिनाभरात दुसऱ्या बाजूचं एक वाक्य तुमच्यापर्यंत पोचत नाही आणि तुम्ही छाती ठोकून सांगता, "सगळे हेच म्हणतायत!"

डीपीला शिवाजी महाराज, आणि राज्याभिषेकाचं साल विचारलं की मान खाली. डीपीला बाबासाहेब, आणि संविधानाच्या प्रास्ताविकेची पहिली ओळ येत नाही. दर शुक्रवारी कुराणातली वचनं पाठवणारे पठ्ठेही आहेत इथे. अर्थ विचारला की तेही छताकडे बघतात. म्हणजे श्रद्धाही उसनी आणि संतापही उसनाच. परीक्षेत शेजाऱ्याचं उतरवलं तर शून्य मिळतं, हे ठाऊक आहे ना?

कायद्याच्या आड लपू नका. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ सालीच बजावलंय की, मेसेज पुढे पाठवणं म्हणजे तो मान्य करणं. तिथेही बचाव तुमचाच होता, मी लिहिलं नाही, फक्त पाठवलं. चालला नाही.

वाद घाला. सरकारवर घाला, देवावर घाला, माझ्यावरही घाला. पण वाचून घाला. व्हिडिओ कुठला, कधीचा आणि कुणी काढला, या तीन प्रश्नांची उत्तरं हातात असल्याशिवाय बोट उचलायचं नाही. घरात काका-मामा पाठवत असतील, तर त्यांनाही हेच तीन प्रश्न विचारा, अदबीने. ज्याला हे जमणार नाही, त्याने धर्मावर आणि राजकारणावर माझ्या वर्गात तोंड उघडू नये.