नियमावलीला न दिसणारा विद्यार्थी

विद्यापीठाची नियमावली कुणी आवडीने वाचत नाही. प्रवेशाच्या वेळी फॉर्म भरताना आणि निकाल अडकला की बाबूच्या खिडकीशी, एवढाच तिचा आपला संबंध. तरी बी.ए.ची नियमावली एकदा सवडीने वाचावी. कलमाकलमातून एक विद्यार्थी उभा राहतो. नुकताच बारावी झालेला, सकाळी वर्गात वेळेवर हजर, खर्चाची काळजी घरच्यांवर सोपवलेला आणि सलग तीन-चार वर्षं दुसरं काहीही न करणारा. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो असतो. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पावर हाउसमध्ये तो फारसा भेटत नाही.

पावर हाउस म्हणजे भिलाईचा बाजार. जवाहर मार्केट, सर्क्युलर मार्केट, नंदिनी रोड आणि हावडा-मुंबई मार्गावरचं स्टेशन. रुळांच्या पलीकडे इस्पात कारखान्याची आखीव सेक्टरं. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथे आली. त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबंही होती. कायम नोकरी मिळाली ते सेक्टरात राहायला गेले, बाकीच्यांनी बाजारात, कॅम्पात, ठेकेदाराकडे पोट भरलं. या गावाला इंजिनिअरिंगचं वेड आहे. आता तर आयआयटीही आली. बी.ए. इथे कुणाचं स्वप्न नसतं. ते दुकान, घर आणि पाळी सांभाळून करायचं असतं. मराठी घरातही ते हिंदीतच सांगतात: ‘प्राइवेट से बीए कर रही है.’

या ‘प्राइवेट’ला, कागदावरच्या ‘स्वाध्यायी’ परीक्षार्थीला, मोठा इतिहास आहे. आपली पहिली विद्यापीठं 1857 मध्ये परीक्षा घेणारी मंडळं म्हणूनच जन्मली. शिकवायचं ते कॉलेजांनी. ज्या लंडन विद्यापीठावरून ती बेतली, त्याने 1858 मध्ये कॉलेजची पायरी न चढलेल्यांनाही पदवीची परीक्षा खुली केली. छत्तीसगडमधली वार्षिक पद्धत त्याच वळणाची होती. हिंदी आणि इंग्रजीचे आधार पेपर, तीन विषय, प्रत्येकाचे दोन पेपर. फॉर्म भरा, वसंतात परीक्षा द्या, एखाद्या विषयात गेलात तर ‘पूरक’ला बसा. वर्षभर तुम्ही कुठे होतात, हे कुणी विचारत नसे.

या पद्धतीचं कौतुक करण्यात अर्थ नाही. परीक्षेच्या महिनाभर आधी बाजारात गेस पेपर येत, त्यातले वीस प्रश्न पाठ केले की वर्ष सुटे. राज्यशास्त्रात पदवी घेऊनही एका लेखकाचं एक पुस्तक सबंध वाचलेलं नाही, असे पदवीधर या पद्धतीने ढिगाने दिले. ज्याला वर्गातला वाद मिळाला नाही, चुकीचं उत्तर देऊन शिक्षकाचं बोलणं खावं लागलं नाही, त्याला मानव्यविद्या मिळाल्या असं म्हणवत नाही.

म्हणून सुधारणा हवीच होती, आणि ती झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. छत्तीसगडने तो 2024-25 पासून राज्यभर लागू केला. तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात पंधरा तास. चार क्रेडिटचा इतिहासाचा पेपर म्हणजे साठ तास, आणि शंभरातले तीस गुण सत्रभरातल्या चाचण्या-असाइनमेंटचे. मुख्य विषयाखेरीज दुसरा गौण विषय, भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, इंटर्नशिप. कागदावर हे जुन्यापेक्षा कितीतरी सकस आहे.

आता हिशेब मांडू. 120 क्रेडिट सगळी व्याख्यानांत धरली तर अठराशे तास. समजा, जवाहर मार्केटमधल्या कापडाच्या दुकानात सकाळी साडेदहा ते रात्री नऊ उभी राहणारी एक मुलगी आहे. तिला आठवड्याची एक सुट्टी. हे अठराशे तास ती आणणार कुठून? कारखान्यात ठेकेदारीवर पाळ्यांत काम करणाऱ्या मुलाचं तेच. एका आठवड्यात पाळी सकाळची, पुढच्यात रात्रीची; चाचणी मात्र बुधवारी अकराला. जुन्या नियमाने त्यांना शिकवलं नाही हे खरं, पण दार उघडं ठेवलं होतं. नवा नियम शिकवायला तयार आहे, तेही दुकान बंद करून येणार असाल तर.

यावर आराखड्याचं उत्तर आहे: मधून बाहेर पडता येतं. 40 क्रेडिट आणि उन्हाळ्यातला चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यास झाला की पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. परत यायचं तर तीन वर्षांत या आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करा. ऐकायला उदार वाटतं. पण बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन कोणता मालक पगार वाढवतो? हे दार वापरणार तेच, ज्यांना थांबणं परवडत नाही. आणि ज्यांचं शिक्षण लग्न, बाळंतपण, वडिलांचं आजारपण यांनी तुटतं, त्यांचं आयुष्य सात वर्षांच्या हिशेबाने चालत नाही.

उशिरा घेतलेल्या पदवीचं एक उदाहरण जवळच आहे. पावर हाउसहून रेल्वेने तासाभरात राजनांदगाव येतं. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात कवी गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून शिकवत होते. घरची भाषा मराठी, लिहिणं हिंदीत, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामांकित कवी. मुक्तिबोधांनी बी.ए. केलं 1938 मध्ये आणि नागपूर विद्यापीठाची एम.ए. पस्तिशी गाठल्यावर, मास्तरकी, पत्रकारिता असं सगळं पोटासाठी करून झाल्यावर. त्या एम.ए.शिवाय प्राध्यापकी मिळाली नसती. ती पदव्युत्तर पदवी होती, इथे प्रश्न पहिल्या पदवीचा आहे; पण मुद्दा तोच. नियमाने त्यांना ‘उशीर झाला’ म्हटलं नाही, म्हणून एका कॉलेजला असा शिक्षक मिळाला.

मग जुन्या पद्धतीकडे परत जायचं का? मुळीच नाही. क्रेडिट हे हत्यार चांगलं आहे, ते हजेरी मोजण्यात वाया चाललंय. एप्रिल 2023 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची सोय आहे. बी.ए.च्या बाबतीत ती गांभीर्याने का घेऊ नये? भिलाईचंच उदाहरण घ्या. 28 सप्टेंबर 1991 रोजी इथे कामगारनेते शंकर गुहा नियोगींची हत्या झाली. पुढच्या वर्षी 1 जुलैला पावर हाउस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अनेक कामगार मारले गेले. त्या दिवशी रुळांवर असलेली माणसं अजून याच वस्तीत राहतात. ठेकेदारीवरच्या मुलाने रविवारी त्यांच्याकडे बसून त्यांच्या आठवणी टिपल्या, त्या वेळची वर्तमानपत्रं पडताळली, दोन साक्षींत मेळ का बसत नाही ते लिहिलं, आणि शिक्षकाने ते लिखाण तीनदा परत पाठवलं, तर तो इतिहासाचा चार क्रेडिटचा पेपर आहे. साठ तास बाकावर बसून ते येईलच असं नाही.

त्यासाठी नियमांत तीन गोष्टी बदलाव्या लागतील. हजेरीऐवजी शिक्षकाने तपासलेलं लिखाण मोजावं. संध्याकाळचे आणि रविवारचे वर्ग ही मेहेरबानी न राहता कॉलेजची जबाबदारी व्हावी. आणि पदवीला मुदत नसावी; मिळवलेलं क्रेडिट चाळिशीतही चालावं. मुक्त विद्यापीठं आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि त्यांनी मोठं काम केलंय. पण कामकरी मुलांना तिकडे धाडून नियमित कॉलेज रिकाम्या वेळेच्या मुलांसाठी राखायचं, तर वर्गातली चर्चाही एकाच थराची होईल. मजुरीवरच्या धड्यात मजुरी करणारं कुणी नसेल.

अभ्यासक्रम समित्या विषयांच्या याद्यांवर महिनोन्महिने भांडतात. वेळापत्रक आणि मुदत कारकुनीत ढकलतात. बी.ए. कुणाला मिळणार याचा निर्णय मात्र त्या कारकुनीतच होतो. दुर्गच्या हेमचंद यादव विद्यापीठाची असो की मुंबई-पुण्याची, पुढची नियमावली लिहिताना समितीने एक बैठक रात्री नऊनंतर, बाजार बंद झाल्यावर घ्यावी आणि बी.ए.च्या विद्यार्थ्यांना बोलवावं. त्या वेळेला जे येऊ शकतील, नियम त्यांना धरून लिहावेत. दिवसा येणाऱ्यांची सोय त्यांत आपोआप होते.