आधी शिधा, मग कागद

॥ श्री गुरवे नमः ॥



पावसाळा तोंडावर आला आहे. सेवेच्या याद्या पुन्हा निघतील. त्याआधी एका प्रश्नाचा आपण सगळ्यांनी मिळून विचार करावा असं वाटतं. संकटात सापडलेला माणूस समोर आला, तर आधी त्याची गरज बघायची की त्याचे कागद?

2024 च्या ऑगस्टमध्ये, ऐन जन्माष्टमीच्या दिवसांत, विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं ते कोणीच विसरलेलं नाही. आपण शिध्याची किट वाटली. एकाच घरात दोनदा किट जाऊ नये म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायची, हा नियम आपणच केला होता. रांगेत एका सोसायटीच्या नेपाळी चौकीदाराची बायको आली. तिच्याकडे आधार नव्हतं. "बाजूला थांबा, मग बघू," असं आम्ही म्हणालो आणि गर्दीत विसरून गेलो. ती निघून गेली.

रात्री आमच्यातल्याच एका ताईंनी आठवण करून दिली. पाणी वाढत होतं तेव्हा पहाटे दारोदार बेल वाजवून आम्हाला उठवणारा तिचाच नवरा होता. आमच्या गाड्या वाचल्या, त्यांची खालची खोली मात्र पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही किट घेऊन गेलो. तिनं काही न बोलता घेतलं. आमची टोचणी मात्र गेली नाही. भारत-नेपाळच्या 1950 च्या करारामुळे नेपाळी माणसाला इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. म्हणजे सरकारनं तिला अडवलं नव्हतं, आम्ही अडवलं.

परक्या देशात राहणाऱ्यांवर ही वेळ सगळीकडेच येते. आपल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. 2017 च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला हार्वे वादळाचा पूर आला, तेव्हा तिथल्या विद्यापीठात सुमारे 200 भारतीय विद्यार्थी अडकले होते. तिथला नियम असा, की निवारा, अन्न, पाणी, औषधपाणी कोणालाही मिळतं. पण घर पुन्हा उभं करायला केंद्र सरकारची रोख मदत फक्त नागरिक, ग्रीन कार्डवाले, आश्रय मिळालेले अशा ठरावीक लोकांनाच. शिकायला किंवा नोकरीच्या व्हिसावर रीतसर गेलेली आपली मुलंसुद्धा त्यात बसत नाहीत. ज्यांच्याकडे कागदच नाहीत, त्यांचं एखादं मूल तिथे जन्मलेलं असेल तर त्या मुलाच्या नावानं अर्ज करता येतो.

मदत असूनही भीतीपोटी माणूस ती घ्यायला जात नाही, हे त्याहून वाईट. पकडून परत पाठवतील या धाकानं लोक बुडत्या घरात बसून राहतील, अशी काळजी तेव्हा होती. छावण्यांत धरपकड करणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. ह्यूस्टनचे तेव्हाचे महापौर सिल्व्हेस्टर टर्नर स्वतः वकील होते. मदत मागायला आलेल्याला कोणी देशाबाहेर काढू लागलं, तर त्याचं वकीलपत्र मी घेईन, असं त्यांनी सांगितलं.

कधी आपत्तीच आसराही देते. 25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये भूकंप झाला. त्यात सुमारे 9,000 माणसं गेली. त्या वेळी जे नेपाळी आधीपासून अमेरिकेत होते, त्यांना तात्पुरतं राहायची आणि काम करायची मुभा मिळाली. 1998 च्या मिच वादळानंतर होंडुरासच्या लोकांनाही अशीच मुभा मिळाली होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली, वीस-पंचवीस वर्षांत संसार झाले, मुलं मोठी झाली. 2025 मध्ये दोन्ही देशांच्या लोकांची मुभा संपवत असल्याचं सरकारनं जाहीर केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. इतकी वर्षं राहून, राबूनही माणूस पाहुणाच राहतो का?

कोणी म्हणेल, सरकारचा पैसा करदात्यांचा आहे, नोंद नको का? हवीच. एकाच घरात चार किट गेली तर पाचवं घर उपाशी राहतं, हे आपणही पाहिलंय. म्हणून कागद सोडून द्या असं आमचं म्हणणं नाही. प्रश्न आधी काय आणि नंतर काय, याचा आहे. घर बांधायच्या पैशाला चौकशी लागते, ती सवडीनं होऊ शकते. भूक आणि तहान थांबत नाहीत. पाणपोईवर आपण कोणाला गाव विचारत नाही. आणि आपण सरकार नाही. महाराजांनी आपल्याला सेवेला उभं केलंय, तपासणीला नाही.

म्हणून यंदा आमची विनंती अशी. किट आधी हातात द्यावं. नाव, वस्ती, घरात माणसं किती, एवढंच विचारून वहीत लिहावं. दुबार होऊ नये म्हणून निवडणुकीत लावतात तशी बोटाला शाई लावावी. "मग बघू" हे शब्द रांगेत कोणी उच्चारू नयेत. आणि आपापल्या सोसायटीतल्या चौकीदाराचं खरं नाव आजच विचारून घ्यावं. आम्ही इतकी वर्षं त्याला नुसतं "बहादूर" म्हणत होतो.

कोणाला वेगळं वाटत असेल तर गुरुवारच्या आरतीनंतर जरूर बोलूया.

जय गुरुदेव!
आपल्या,
सेवा मंडळातल्या भगिनी