चारचौघांतील शिवी

स्त्रीच्या चारित्र्यावर किंवा कोणाच्या लैंगिकतेवर समाजमाध्यमांतून चिखलफेक करणारा मनुष्य तोंड लपविणारा भेकड असतो, आणि निनावीपणाचा बुरखा ओढून काढला की तो ताळ्यावर येईल, असा जो समज सुशिक्षितांत रूढ आहे, तो जळगाव जिल्ह्यातील धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी एक दिवसही टिकत नाही. येथील व्हॉट्सॲप ग्रुपात कोणाचे जिनिंग, कोणाचे दुकान, कोणाची सून कुठली, हे सर्वांस ठाऊक असते. एखादी बाई आळीतल्या नळाला पाणी का नाही असे विचारते. आणि रोज सकाळी देवाच्या चित्रासह ‘शुभ सकाळ’ पाठविणारा, मुलांची लग्ने उरकलेला गृहस्थ स्वतःच्या नावानिशी, हिचा नवरा हिला आवरत कसा नाही, असे लिहून मोकळा होतो. प्रश्न नळाचा, उत्तर चारित्र्याचे. खाली काही हसरे चेहरे उमटतात. बाकीचे वाचतात आणि गप्प राहतात.

याउलट याच जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे जानेवारी २०२१ मध्ये काय घडले ते पाहावे. अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा ग्रामपंचायतीसाठीचा अर्ज, जागा स्त्रियांसाठी राखीव आहे या सबबीवर नामंजूर झाला होता; औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य ठरविला आणि ग्रामस्थांनी त्यांना निवडून दिले. कोणी पाहत नसताना, मतदानाच्या आडोशाआड, माणसांनी हा विवेक दाखविला. स्त्रियांची दुःखे मांडणारा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लेखिका मालतीबाई बेडेकरांनाही विभावरी शिरूरकर या टोपणनावाचाच आश्रय घ्यावा लागला होता. दोष गुप्ततेचा नाही.

माझ्या मते, ही शिवी जिला दिली जाते तिच्यासाठी नसतेच. ती पाहणाऱ्यांसाठी असते. पुरुषपणा आपल्याकडे दरसाल सनद नवी करून घ्यावी लागणाऱ्या इनामासारखा आहे: तो चारचौघांनी मंजूर करावा लागतो. ‘बांगड्या भर’ हे ऐकत वाढलेल्या मुलाला, स्त्रीसारखे असणे हीच मोठी नामुष्की, हे अक्षरओळखीपूर्वीच कळलेले असते. म्हणून बोलत्या बाईची निंदा आणि नाजूक चालीच्या मुलाची टवाळी ही एकाच मुळाची दोन फळे होत. पन्नाशीत शेती साथ देत नाही, मुलगा ऐकत नाही, आणि २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागांवर बायका बसू लागलेल्या, तेव्हा सनद जाईल या धास्तीने प्रौढ मनुष्य अधिकच बेमुर्वत होतो. त्याचा तोल गेला असे म्हणणेही खरे नव्हे. फौजदारासमोर किंवा बँकेच्या साहेबासमोर त्याचा तोल कधी जात नाही.

मग पाहणाऱ्यांची जबाबदारी काय? गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, व्हॉट्सॲप ग्रुपात एका स्त्रीविषयी घाणेरडी भाषा वापरणाऱ्या सदस्याला प्रमुखाने ना काढले, ना माफी मागावयास सांगितले, उलट स्वतःची हतबलता सांगितली, अशी फिर्याद होती. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसता दुसऱ्याच्या मजकुराबद्दल प्रमुख दोषी ठरत नाही, असे सांगून नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी त्याच्यावरील खटला रद्द केला. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण एकाच्या जिभेसाठी दुसऱ्याला तुरुंग दाखविणे हा न्याय नव्हे. परंतु त्या बाईची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. ज्यांच्यासमोर ती भाषा वापरली गेली, त्यांपैकी एखाद्याने तेथल्या तेथे त्या सदस्याला जाब विचारला असता, तर तिला ठाण्याची पायरी चढावी लागली असती, असे मला वाटत नाही.