लेकराचे पत्र कोणाच्या हाती?



संतसज्जनहो, आपल्या वर्धा नदीच्या पैलतीरी कौंडिण्यपूर आहे. आर्वीकडच्या माणसाला ते घरच्यासारखेच. रखुमाईचे हे माहेर. दर आषाढीला तिची पालखी पंढरीस निघाली की आपण हात जोडतो आणि म्हणतो, लेक सासरी चालली. पण ही लेक या माहेरातून पहिल्यांदा कशी निघाली, याचा विचार आपण कधी करतो काय?

भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आहे. तीच नाथमहाराजांनी ‘रुक्मिणीस्वयंवरा’त मराठीत आणली. रुक्मिणी उपवर झाली. तिचे मन श्रीकृष्णाकडे. बाप भीमक राजा, त्याचेही मन तिकडेच. पण वडील भाऊ रुक्मी अडून बसला. त्याने शिशुपालाला शब्द दिला, मुहूर्त धरला, मांडव घातला. घरात एकाचाच शब्द चालायचा, बाकी सर्वांची तोंडे बंद. बाप चांगला होता, पण गप्प होता. मग ती पोर काय करते? जे घरात बोलता येत नाही ते पत्रात लिहिते. सुदेव ब्राह्मणाच्या हाती ते द्वारकेला धाडते. आणि लिहिते काय? तू आला नाहीस तर मी हा देह ठेवणार नाही, अशा अर्थाचे त्यात आहे.

आपण ही कथा ऐकतो, पत्रिकेच्या प्रसंगी टाळ्या वाजवतो. पण जरा थांबा. राजाची लेक, भरल्या घरात राहणारी. तिला आपली भीती सांगायला घरात एकही माणूस सापडू नये? पत्र द्वारकेला गेले ते देवाच्या ओढीने गेले, हे खरेच. पण घराची दारे बंद होती म्हणूनही गेले.

आता कार्तिकातली गोष्ट सांगतो. आर्वी तालुक्यातल्या एका गावी कीर्तन झाले. बुक्का लावून मंडळी पांगली. एक शेतकरी मुलाचे मनगट धरून पुढे आला. मुलगा बारावीचा, सोळा-सतरा वर्षांचा. बाप म्हणाला, “महाराज, याले काही सांगा. पहाटे चारले उठवतो, मोबाईल मी माह्यापाशी ठेवतो, दोस्त सारे तोडले, तरी याचं ध्यान नाही. पेपर आला का पोट दुखते म्हणते. रातभर झोपत नाही.” मुलगा खाली पाहत होता. त्याचा हात मी हातात घेतला, तो गार पडला होता आणि घामाने ओला होता. मी विचारले, “बाळा, बाबा रागावतात त्याची भीती वाटते का?” बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, “रागाची नाही वाटत महाराज. मी नापास झालो तर बाबा रडतील, त्याची वाटते.”

सज्जनहो, बाप तिथेच ओट्यावर बसला. मलाही पुढे बोलवेना.

बाप वाईट नव्हता. वावर कोरडवाहू, डोक्यावर कर्ज. २००६ साली पंतप्रधान ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करून गेले त्यांत आपला वर्धा जिल्हाही होता. तेव्हाचे दिवस आपण पाहिले आहेत. आपण भोगले ते लेकराने भोगू नये, एवढीच त्याची इच्छा. पण झाले काय? बापाची चिंता बापाच्या छातीत मावली नाही, ती पोराच्या पोटात जाऊन बसली. तिलाच आपण शिस्त म्हणतो. ज्याला आपण धाक म्हणतो तो पुष्कळदा आपल्याच भयाने घातलेला वेष असतो.

आपण म्हणाल, “महाराज, मग पोरांना मोकाट सोडायचे काय?” नाही. मुळीच नाही. शेतकऱ्याला मी शेतातलेच सांगतो. वावराला कुंपण हवेच, नाहीतर जनावरे पीक खातील. पण कुंपण असते धुऱ्यावर. ते काही पऱ्हाटीच्या गळ्याला बांधत नाहीत. डवरा फिरतो तोही दोन ओळींच्या मधून, झाडावरून नाही. आणि मुळी किती खोल गेली हे पाहायला रोज सकाळी झाड उपटणारा शेतकरी कुणी पाहिला आहे काय?

मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे आजचे विद्वानही हाच भेद सांगतात. रात्री किती वाजता घरी यायचे, मोबाईल किती वेळ पाहायचा, संगत कोणाची, हा वागण्याचा नियम झाला. तो आधी सांगितलेला असावा, सर्वांना ठाऊक असावा, कारणासह असावा. अशा नियमाने लेकराला आधार वाटतो. दुसरा ताबा असतो मनावरचा. “तुझ्यासाठी आम्ही रक्ताचे पाणी केले, अन् तू हे पांग फेडतोस?” “शेजारचा बघ, तू पाहा कुठे.” चार मार्क कमी पडले की चार दिवस अबोला. म्हणजे प्रेमच गहाण ठेवायचे, मार्क आणलेस तर सोडवून देतो म्हणायचे. काळजीचा रोग या दुसऱ्या ताब्याशी अधिक जोडलेला दिसतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. शिवाय प्रत्येक गोष्ट आईबापांनीच ठरवली की लेकरू मनात दोन गोष्टी धरून बसते. एक, जग फार भयंकर आहे. दुसरी, आपल्याच्याने काही होणार नाही. आणि हे चक्र उलटेही फिरते. पोर घाबरते म्हणून बाप मूठ आवळतो, मूठ आवळली म्हणून पोर आणखी घाबरते. सगळ्या काळजीचे कारण आईबापच असतात असे कुणी म्हणू नये. पण आपली मूठ सैल करणे आपल्या हाती आहे, एवढे मात्र खरे.

पुराणातले झाले, घरचे झाले. आता आपल्याच जिल्ह्यात धाम नदीच्या काठी पवनारला राहून गेलेल्या विनोबांचे पाहू. ते वर्ध्यास आले १९२१ साली. लहानपणी बडोद्याला त्यांचे वडील नरहरपंत फार कडक होते. मुलाला मारीत. विनोबांनी स्वतःच हे सांगून ठेवले आहे. पुढे एक दिवस मार मिळालाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलगा कोड्यात पडला. मागाहून उलगडा झाला की आपल्याला सोळावे वर्ष लागले. मुलगा सोळाचा झाला की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, हे शास्त्रवचन वडिलांनी न बोलता पाळले होते. मारणे चांगले होते असे नाही. पण त्या बापाला हात कधी खाली घ्यायचा हे समजले. आपल्यापैकी किती जणांना समजते?

या मित्रत्वाचे फळ काय? १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेस गाडीतून उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. पण वडिलांना त्याने पत्र लिहिले. मी परीक्षेला न जाता दुसरीकडे जात आहे, माझ्या हातून काही वावगे घडणार नाही, असे कळविले. परीक्षा सोडावी असा याचा अर्थ मुलांनी घेऊ नये. अर्थ आईबापांनी घ्यायचा आहे. मुलगा घरापासून दूर गेला, पण त्याचे पत्र घरीच आले.

आणि आईची गोष्ट तर याहून गोड. तिला संस्कृत गीता कळेना, तेव्हा ‘तूच मराठीत करून दे’ असे तिने मुलाला म्हटले होते. पाठी लागली नाही. १९१८ साली ती गेली. तिचे मागणे मुलाच्या मनात राहिले आणि १९३१ साली ‘गीताई’ पुरी झाली. गोपुरीला गीताई मंदिरातल्या त्या शिळा आपण पाहतो. धाकाने सांगितलेले धाक असेपर्यंत टिकते. मायेने सांगितलेले आईच्या मागेही उरते.

कोणी म्हणेल, आपला संप्रदाय तर पुंडलिकाचा, आईबापांच्या सेवेचा. मुलांनी ऐकायला नको काय? ऐकायला हवेच. पण पुंडलिकाची कथा पुरती आठवा. आरंभी तो आईबापांना छळणारा होता. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मातृपितृसेवेचे तेज त्याने डोळ्यांनी पाहिले आणि आतून पालटला. कोणी छडी घेऊन त्याच्याकडून सेवा करवून घेतली नाही. आणि देव दाराशी आला तेव्हा देवाने तरी काय केले? “मी आलो, आधी ऊठ” म्हणाला काय? विटेवर उभा राहिला. अठ्ठावीस युगे झाली, उभाच आहे. आपण त्याला विठाई म्हणतो, माऊली म्हणतो. तिचे हात कुठे आहेत ते पाहा. कटेवर आहेत. भवसागर इतकाच खोल, असा त्याचा अर्थ थोरांनी सांगितला आहे. माझ्या अल्पमतीला आणखी एक दिसते. या मायबापाने आपला हात लेकरावर उगारलेला नाही. जवळ उभी आहे, लक्ष सारे लेकराकडे आहे, आणि वाट पाहते आहे.

आता प्रसंगाची निकड सांगतो. २०२२ या एका वर्षी आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला, आणि राज्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. त्यांतल्या प्रत्येकाचे कारण वेगळे असेल, आपण कोणाच्या घराला दोष देऊ नये. पण रखुमाईच्या पत्राला द्वारका होती, आपल्या लेकराच्या पत्राला पत्ता आहे काय? त्याची झोप उडाली, जेवण तुटले, परीक्षेआधी ओकारी होते, खोलीचे दार लावून बसतो, “मी नसलो तर बरे” असे बोलतो, तर त्याला नाटक म्हणू नये, अंगारेधुपारे करीत दिवस घालवू नयेत. डॉक्टरला दाखवावे. सेवाग्रामच्या रुग्णालयात मनाच्या आजाराचा विभाग आहे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून आहे, तिथे फोनवर मोफत बोलता येते. नामाने धीर येतो. पण औषधाला नाही म्हण, असे नाम कधी सांगत नाही.

वारकऱ्याला नियम लागतो, म्हणून एक सोपा नियम सांगतो. एकादशीच्या रात्री हरिपाठ झाला की लेकराजवळ बसावे. त्या रात्री मार्काचा शब्द काढू नये. ‘तुला कशाची भीती वाटते?’ एवढेच विचारावे आणि ऐकावे. मध्ये बोलू नये, उपदेश करू नये. पहिल्या एकादशीला ते बोलणार नाही. तिसऱ्या-चौथ्या एकादशीला बोलेल. आपले चुकले असेल तर चुकले म्हणावे. त्याने बापपण कमी होत नाही. आणि आपली चिंता, कर्जाची, पिकाची, उद्याची, ती विठ्ठलाच्या पायी ठेवावी. पोराच्या डोक्यावर ठेवू नये. त्याचे खांदे अजून कोवळे आहेत.

त्या रात्री ओट्यावरून उठताना त्या बापाने मुलाचे मनगट पुन्हा धरले नाही. खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “चाल बेटा, घरी जाऊ. माय वाट पाहून राह्यली असन. अन् पेपरचं मंग पाहू.” अंधारात दोघे बोलत चालले होते. काय बोलत होते ते मला ऐकू आले नाही. ऐकू येण्याचे कारणही नव्हते. पत्र ज्याच्या हाती जायचे त्याच्या हाती पोचले होते.

रामकृष्ण हरि.