प्रश्नपेढीत विंचू कुठे आहे?

५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं आहे. आयव्ही सेटमधून एका मिलिलिटरला १५ थेंब पडतात. मग मिनिटाला किती थेंब? साधारण १६. नर्सिंगच्या वर्गात हे गणित दोघींचं चुकलं, तरी दोघींची चूक एकच असेल असं नाही. एकजण तासांची मिनिटं करायला विसरते, दुसरीचा भागाकारच कच्चा असतो. भरलेल्या वर्गापुढे उभ्या असलेल्या मॅडम मात्र दोघींसाठी फळ्यावर एकच रीत लिहितात. अडॅप्टिव्ह लर्निंगचं सॉफ्टवेअर इथे खरंच उपयोगी आहे. कोण कुठे अडलं ते हेरून ते जिला जे हवं तेच पुन्हापुन्हा करून घेतं, तेही न रागावता. (रागावण्याला आपल्या नर्सिंग शिक्षणात जरा जास्तच मान आहे.)

यातलं तत्त्व नवं नाही. अमेरिकेतली नर्सच्या परवान्याची एनक्लेक्स परीक्षा १९९४ पासून उत्तरागणिक प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते.

पण रत्नागिरीत हे सॉफ्टवेअर आणताना मला भीती वाटते ती वेगळीच. गावातल्या मराठी शाळेतून आलेली मुलगी इंग्रजी प्रश्नात अडखळते आणि चुकते. सॉफ्टवेअर धरून चालतं की तिला विषयच कळलेला नाही, आणि तिला सोप्या प्रश्नांकडे उतरवत नेतं. वॉर्डात तीच मुलगी एखाद्या आजीचं दुखणं बोलता बोलता काढून घेते, पण त्याची नोंद कुठेच होत नाही.

शिवाय प्रश्न लिहिलेले असतात दूर कुठेतरी. कोकणात भातलावणीच्या दिवसांत तापाने फणफणलेला माणूस आला की लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. फुरसं चावलेला येतो, विंचू चावलेला येतो. शेजारच्या महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले. दरदरून सुटणारा घाम, गार पडणारे हातपाय ही धोक्याची लक्षणं त्यांनी टिपली आणि प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आणलं. रात्रपाळीच्या नर्सला तो गार हात ओळखता आला पाहिजे. प्रश्नपेढीत तो नसेल, तर सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी तिला त्याबद्दल कधीच विचारणार नाही.

तेव्हा हे प्रश्न इथल्या अनुभवी सिस्टरांनीच लिहायला हवेत, आणि मराठीतही. त्यासाठी त्यांना वॉर्डातून मोकळं करावं लागेल, त्यांच्या जागी कोणी तरी द्यावं लागेल. संगणकांसाठी पैसे मंजूर करून घेणं त्यामानाने सोपं.