घेऊ नकोस म्हणण्याआधी

स्वस्तातलं हत्यार घेऊ नये, हे वाक्य माझ्या तोंडात कायम तयार असतं. सायकलबद्दल कुणी काही विचारलं की मी ते ऐकवतो, समोरचा मान डोलावतो आणि मला बरं वाटतं. परवा सायकलवरून जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एका तरुणाने नेमकं हेच विचारलं. हजार-बाराशे रुपयांत पेटीभर हत्यारं मिळताहेत, घेऊ का काका? या वेळी ते वाक्य तोंडातून निघेना. एवढी रक्कम बाजूला काढायला त्याला किती फेऱ्या माराव्या लागत असतील, ते डोळ्यांसमोर आलं. माझ्याकडचं चेन तोडायचं एकटं हत्यारच त्या अख्ख्या पेटीहून महाग आहे. तेव्हा हा उपदेश मी कशाच्या बळावर करतो, हे आधी स्वतःलाच विचारायला हवं होतं.

त्यातलं जे खरं आहे ते खरंच आहे. गिअरच्या सायकलचे बहुतेक बोल्ट 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन कीने उघडतात. कीचा सगळा जोर सहा कोपऱ्यांवर येतो. माप केसभर कमी असेल, किंवा पोलादाला पाणी नीट दिलेलं नसेल, तर की तरी झिजते नाहीतर बोल्टची खाच गोल होते. की झिजली तर फेकून देता येते. खाच गोल झाली की हँडलचा किंवा ब्रेकचा साधा बोल्ट ड्रिल लावून फोडावा लागतो, आणि त्यात आतले आटे गेले तर खर्च पेटीच्या किमतीपलीकडे जातो. पेटीवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ छापलेलं असतं. त्यावरून फार तर धातूत काय मिसळलंय ते कळतं; तो तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला कस आणलाय की नाही, हे कळत नाही. चेन तोडायच्या हत्याराचंही तसंच. त्याची पिन रिव्हेटवर सरळ बसली नाही की वाकते, आणि जाताना कडीची पट्टीही वाकवून जाते.

एवढं मी कुणापुढेही ठामपणे सांगेन. पण माझं वाक्य दोन हत्यारांपुरतं कधीच नव्हतं. ते सबंध पेटीवर शिक्का मारत होतं, आणि पेटीतली एकेक वस्तू त्या मुलाच्या सायकलला लावून बघायचे कष्ट मी घेतले नव्हते.

म्हणून आता बघितलं. त्याची सायकल साधी, मागे सात गिअरची. अशा पेट्यांत बहुधा कॅसेटची लॉकरिंग उघडायचं हत्यार असतं, आणि त्याच्या चाकावर आट्यांवर बसणारं फ्रीव्हील आहे. त्याचं हत्यार वेगळं. दोन्हींना 12 खाचा, दोन्ही दिसायला भावंडं, पण एकाचं काम दुसऱ्याने होत नाही. पेटीतला 16 खाचांचा मोठा पाना बाहेरून बसणाऱ्या बेअरिंगच्या कपांसाठी असतो; याचा क्रँक चौकोनी ॲक्सलवर बसलेला, त्यामुळे तो पाना याच्याकडे नुसता पडून राहणार. म्हणजे त्याच्या पैशाचा बराच भाग कधीच हातात न येणाऱ्या लोखंडावर जाईल. हे कारण माझ्या तयार वाक्यात कधी नव्हतंच.

उलट काही वस्तू स्वस्त असल्या म्हणून काहीच बिघडत नाही. टायर उचलायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पॉलिश पेपरचा तुकडा, पॅच, सोल्यूशनची ट्यूब. पायडलचा 15 मिलिमीटरचा पानासुद्धा जाड आणि बरा घडवलेला असला की पुरे. आणि त्याचं काम रस्त्यात अडतं ते पंक्चरने. डबा गरम पोचायला हवा, माणूस जेवायचा थांबलेला असतो. ट्यूब घासायची, सोल्यूशन पातळ लावायचं आणि ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. घाईने ओल्यावर पॅच दाबला की तो सुटतोच. मग टायरच्या आतून हलक्या हाताने बोट फिरवून काटा किंवा तारेचा तुकडा शोधायचा, नाहीतर नवी हवा त्याच भोकाशेजारून निघून जाते. चेन झिजली का ते बघायला तर हत्यारही लागत नाही. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. मोजटेप लावल्यावर इंचाचा सोळावा भाग जास्त दिसला की चेन बदलायची. आठवा भाग जास्त झाला असेल तर फ्रीव्हीलचे दातही गेलेच म्हणायचे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हेही कुणीतरी सांगावं लागतं. माहीत नसेल तर सगळ्यात भारी पान्यानेही क्रँकचे आटे उडतात. हे कसब त्या पेटीत मिळत नाही. मला ते येतं आणि मी ते कुणाला सांगत नव्हतो, ‘घेऊ नये’ एवढंच सांगत होतो.

मग त्या वाक्यात माझं काय गुंतलं होतं? बोल्टची काळजी होती, हे प्रामाणिकपणे म्हणता येईल. पण निळ्या मुठींच्या हत्यारांचा अभिमानही होता. ती बनवणारी पार्क टूल ही अमेरिकेतल्या मिनेसोटाची कंपनी 1963 मध्ये दोन सायकल दुरुस्ती करणाऱ्यांनी सुरू केली. वाकून वाकून काम करायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी आधी स्टँड बनवला. हत्यारं कष्टकऱ्यांच्या पाठदुखीतून जन्मली आणि माझ्याकडे येऊन ती शौकाची झाली. माझी सायकल रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाते आणि घरी येऊन पुसली जाते. त्याची रोज ऊन-पावसात, वाहनांच्या गर्दीत चालते. चांगली की माझ्याहून त्याला जास्त लागते; सुटलेली ब्रेकची तार त्याच्या जिवाशी येते. त्यामुळे ‘तुझ्यापुरतं स्वस्तातलं चालेल’ असं म्हणणं तर आणखी वाईट. त्यात दया असते आणि त्याच्या कामाबद्दल अनादर असतो. आणि ‘घेऊ नकोस’ म्हणून गप्प बसलं, तर ज्याच्याजवळ महाग घ्यायला पैसे नाहीत त्याला त्याचा अर्थ ‘हे तुझं काम नाही’ असाच ऐकू येतो. हा अर्थ माझ्या मनात अजिबात नव्हता, असं मला म्हणता येत नाही.

नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याच्या पोटावर पाय येईल ही शंकाही मनात आली. ती फार टिकली नाही. चाकाचा आऊट काढायला हा मुलगा त्याच्याकडेच जाणार, आणि जावं. ते काम हाताला वर्षानुवर्षांचं वळण असल्याशिवाय येत नाही.

तर माझं उत्तर असं: पेटी नको. बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानातून ॲलन कीचा सुटा संच घ्यावा, नाशिकच्या टपारियाचा किंवा जालंधरचा एखादा बरा. काही शे रुपयांत काम होतं. एक 15 चा पाना, पंक्चरचं सामान आणि सीटखाली मावेल असा पंप. एवढ्याने रस्त्यातली बहुतेक कामं भागतात. राहिली फ्रीव्हील आणि चेनची हत्यारं, क्वचित लागणारी. त्याने ती विकत का घ्यावीत? माझ्याकडे दोन्ही आहेत आणि बहुतेक वेळ कपाटात असतात.

इथे आल्यावर मन मागे सरकलं. परत येतील का, नीट वापरेल का, हरवली तर मागायची कशी. पुस्तकं मी मित्रांना वहीत नोंद न करता देतो. काही परत आली नाहीत, तरी देणं थांबवलेलं नाही. मग ही भीती हत्यारांच्या किमतीची नाही. ती मागणारा कोण आहे यावरून ठरते. हे ओळखायला मला अवघड गेलं आणि ओळखल्यावर चैन पडलं नाही.

त्याच्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली आहे. काय घ्यायचं, कुठे घ्यायचं, डावं पायडल कुठल्या बाजूला फिरवायचं. शेवटच्या ओळीसाठी दोन वाक्यं समोर आहेत. ‘चेन किंवा फ्रीव्हीलचं काम निघालं तर माझ्याकडे ये’ आणि ‘हत्यारं माझ्याकडून घेऊन जा’. पहिल्यात ती माझ्या नजरेखाली राहतात, म्हणून ते आधी सुचलं. मी दुसरं लिहिणार आहे, आणि चेनच्या हत्याराची पिन रिव्हेटवर सरळ कशी बसवायची ते एकदा त्याच्या हाताने करून घेणार आहे.