संधिप्रकाशातील नेम

नोकरीनिमित्त जर्मनीत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्या देशात शिकारीचा परवाना सहजासहजी मिळत नाही; वन्य प्राणी, शस्त्रे आणि कायदा यांची कसून परीक्षा द्यावी लागते. ती तो उत्तीर्ण झाला आहे. गेल्या शरदात तिन्हीसांजेच्या वेळी त्याने मचाणावरून एका रानडुकरावर गोळी झाडली. जनावर जखमी होऊन झाडीत शिरले. माग काढणाऱ्या कुत्र्याच्या साहाय्याने ते दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, आणि तोवर ते जिवंत होते. “मामा,” तो लिहितो, “माझ्या रायफलीवरची दुर्बीण आठपटीची आहे. चोवीसपटीची घेतली असती तर हे पाप टळले असते का?”

प्रश्नाचा अर्धा भाग भिंगांच्या शास्त्राचा आहे, अर्धा धर्माचा. मी शिकारी नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिवाय मी मासे खाणाऱ्या घरातला. आपल्या ताटातल्या जिवाचा विचार न करता दुसऱ्याच्या बंदुकीचा न्याय करणे मला शोभणार नाही. म्हणून हिंसा करावी की करू नये हा थोरला प्रश्न आज बाजूस ठेवतो. जो ती करणारच आहे, त्याच्यावर कोणते ऋण येते, एवढेच पाहू.

प्रथम शास्त्र. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरात घ्यावा आणि त्यास वर्धनशक्तीने भागावे. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. भाच्याच्या दुर्बिणीचे भिंग 56 मिलिमीटरचे. त्यास आठाने भागले की 7 मिलिमीटर येतात. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे तेवढीच विस्फारते. वय वाढले की ती आकसते. त्याच भिंगावर चोवीसपट वर्धन केले तर झोत जेमतेम 2.3 मिलिमीटरचा उरतो. रुंदी तिसऱ्या हिश्श्यावर आली म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाश नवव्या हिश्श्यावर येतो. भर दुपारी ही उणीव जाणवत नाही, कारण तेव्हा बाहुलीच लहान असते. सांजवेळी मात्र मोठे केलेले चित्र काळवंडते.

विक्रेते आणखी एक आकडा पुढे करतात. वर्धन आणि व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की त्यास संधिप्रकाशाचा गुणांक म्हणतात. आठपटीस तो 21 येतो, चोवीसपटीस जवळजवळ 37. आकडा खोटा नाही. थोडे वर्धन वाढल्याने बारकावे अधिक कळतात हेही खरे. परंतु त्या गणितात पाहणाऱ्याच्या बाहुलीला स्थान नाही आणि काचेच्या गुणवत्तेलाही नाही. आठपटीत शंभर मीटरवरचे जनावर साडेबारा मीटरवर उभे असल्यासारखे दिसते. तेवढ्याने ज्याचा नेम साधत नाही, त्याला उणीव वर्धनाची नसून प्रकाशाची, सरावाची किंवा संयमाची आहे.

वर्धनाचा दुसरा मोबदला याहून गंभीर आहे. चित्र तिप्पट मोठे झाले की दिसणारा परिसर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. डुकरीण दिसते, तिच्यामागे गवतात चालणारी पिले दिसत नाहीत. 1952 च्या जर्मन शिकार-कायद्यानुसार पिले स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवणाऱ्या जनावराची शिकार करता येत नाही. त्याच कायद्याने सूर्यास्तानंतर दीड तासापासून सूर्योदयापूर्वी दीड तासापर्यंत खुरांच्या जनावरांच्या शिकारीस मनाई आहे; मात्र रानडुक्कर त्यातून वगळलेले आहे. म्हणजे भाच्याला कायद्याने अडवले नव्हते. अशा जागी माणसाला आपली मर्यादा आपणच आखावी लागते.

येथे दशरथाची कथा आठवल्यावाचून राहत नाही. पावसाळ्याच्या रात्री शरयूकाठी घागर भरल्याचा आवाज झाला. तो हत्ती पाणी पीत असल्याचा समजून तरुण राजपुत्राने बाण सोडला आणि अंध मातापित्यांचा एकुलता आधार कोसळला. वाचकांनी एवढेच ध्यानात घ्यावे की दशरथाचा नेम चुकला नव्हता. शब्दवेधाची विद्या त्या रात्री पूर्ण यशस्वी झाली. चुकली ती ओळख. आजकाल देहाच्या उष्णतेवरून काळोखात जीव दाखवणारी उपकरणेही निघाली आहेत. ती तेथे जीव आहे हे सांगतात. तो कोण आहे, हे ठरवण्याचा भार पाहणाऱ्यावरच राहतो.

आमच्या धंद्यात अंधारात पटवलेल्या ओळखीची उलटतपासणी फार कडक होते. प्रकाश किती होता, अंतर किती, साक्षीदाराने किती वेळ पाहिले, हे सारे विचारले जाते. आणि वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. मचाणावर साक्षीदार, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा असे तिघेही एकच असतात, आणि समोरच्याला वकील नसतो. म्हणून तेथे संशयाचा फायदा अधिकच काटेकोरपणे द्यावयास हवा.

भाच्याला मी लिहिले: “आठपटीचीच दुर्बीण ठेव. आधी हातातल्या साध्या दुर्बिणीने पाहा. ओळख पटवण्यासाठी बंदुकीची नळी कोणाकडेही रोखू नकोस. जनावर कोणते, त्याच्या आजूबाजूस व मागे काय आहे, हे निश्चित झाल्यावरच रायफल उचल. शंका आली तर रिकाम्या हाताने खाली उतर. तुझे पाप टळले असते का, याचा निवाडा माझ्या अधिकारात नाही. पण त्या जिवाला तसेच सोडून तू घरी निजला नाहीस, सकाळपर्यंत त्याच्या मागावर राहिलास, हे मला कळले. पुढच्या वेळी तीच काळजी चाप ओढण्यापूर्वी घे.”